कँडीचा बंदिवान
संत जोसेफ वाझ ह्यांचे चरित्र



महोत्सवाच्या ह्या पुस्तिकेत एखाद्या संताचे चरित्र असावे असे स्मरणिका-मंडळाने ठरविले आणि ते काम मजकडे सोपविले. आपल्या देवळाच्या आश्रयदात्या संताविषयीच लिहावे, अशी मंडळातील बहुतेकांची इच्छा होती. त्यांची क्षमा मागून मी दुसराच संत निवडला आहे. त्याचे कारण आरंभीच सांगितलेले बरे.

खानदेशात सेवा करू लागल्यास मला आता पुष्कळ वर्षे झाली. रावेर-यावलच्या बाजूस उन्हाळ्याच्या अखेरीस वावटळ उठते आणि घडांनी लवलेली केळीची बाग घटकाभरात आडवी होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. धुळ्याकडे कापसाची बोंडे फुटावीत आणि नेमका अवेळी पाऊस यावा, हेही पाहिले आहे. अशा घरी धर्मगुरू सांत्वनास जातो तेव्हा घरातील माणसे रडत असतील असे त्याला वाटते. पुष्कळदा ती रडत नसतात. ती रागावलेली असतात. वाऱ्यावर राग काढता येत नाही, व्यापाऱ्यावर काढून चालत नाही, सावकारापुढे तर तोंड उघडण्याची सोय नाही. मग तो बायकोवर निघतो, पोरांवर निघतो, बांधावरच्या भावावर निघतो, मुक्या बैलाच्या पाठीवर निघतो. एकदा एका वृद्ध गृहस्थाने मला दाराबाहेर आणून हळूच विचारले की, देवाचाच राग आला तर ते पाप होते काय. मी काहीतरी उत्तर दिले. वाटेने परत येताना ते माझे मलाच अपुरे वाटले. तेव्हापासून ज्यांस रागावण्यास सबळ कारणे मिळाली होती अशा एका धर्मगुरूचे आयुष्य माझ्या मनात घोळत राहिले आहे.

ते धर्मगुरू म्हणजे गोव्याचे संत जोसेफ वाझ. त्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी साष्टीतील बाणावली ह्या गावी, आईच्या माहेरी झाला. वडील ख्रिस्तोव्हाव वाझ हे सांकवाळचे, आई मारिया दे मिरांदा. घराणे ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेले, देवभीरू व प्रतिष्ठित होते. मुलाने सांकवाळास पोर्तुगीज व बाणावलीस लॅटिन शिकून घेतले. पुढे जुन्या गोव्यात येशूसंघीयांच्या संत पावलाच्या विद्यालयात व नंतर डोमिनिकन धर्मगुरूंच्या संत थॉमस अक्विनस ह्यांच्या नावाने चालणाऱ्या विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. १६७६ मध्ये त्यांस गुरुदीक्षा मिळाली.

संत थॉमस ह्यांचे नाव आले म्हणून येथे क्षणभर थांबतो. आम्ही सेमिनरीत शिकलो ते असे की, क्रोध हा मनाचा एक विकार आहे. तो मुळातच पाप नव्हे; योग्य कारणाने, योग्य मर्यादेत व विवेकाच्या आज्ञेत राहिला तर तो सद्‌गुणाचा सेवकही होऊ शकतो. जेथे रागावणे आवश्यक आहे तेथे मुळीच न रागावणे हाही दोष होय, असे संत थॉमस मानतात. आमच्या वर्गात हा भाग सर्वांस फार आवडे, कारण जो तो आपला राग योग्य कारणाचाच समजे. परंतु त्याच विवेचनात आणखी एक गोष्ट आहे, ती आमच्या ध्यानी उशिरा आली. क्रोधाच्या मुळाशी अवमान असतो. आपला मान, आपला हक्क, आपले मोल कोणीतरी हलके लेखले असे वाटले की तो उसळतो. जोसेफ वाझ हेही हीच विद्या शिकले. तिचे त्यांनी काय केले ते पाहावयाचे आहे.

अवमान त्यांस दूर शोधावयास जावे लागणार नव्हते. त्या काळी गोव्यात युरोपीय धर्मसंघांची दारे एतद्देशीय धर्मगुरूंस बहुधा बंद होती. विद्वत्ता असो, आचरण असो, रंग आड येई. मठात प्रवेश नाही म्हणून चडफडत आयुष्य काढणारे धर्मगुरू त्या काळी झालेच असतील. जोसेफ वाझ ह्यांनी ५ ऑगस्ट १६७७ रोजी, वयाच्या २६ व्या वर्षी, एक कागद लिहिला. तो एक प्रकारचा दासखत होता. गोव्यात तेव्हा माणसांची खरेदी-विक्री उघड चाले आणि गुलाम म्हणजे काय हे रस्त्यावरच्या पोरासही ठाऊक होते. अशा शहरात ह्या कुलीन तरुणाने स्वतःस पवित्र कुमारी मरियेचा कायमचा गुलाम म्हणून लिहून दिले व त्यावर सही केली.

हा केवळ भक्तीचा उमाळा होता असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. गुलामास स्वतःचा मान नसतो. त्याचा मान-अपमान धन्याचा. त्यास कोणी मारले तर तो धन्याकडे पाहतो. वाझ ह्यांच्या पुढील ३३ वर्षांत जे जे घडले ते ह्या कागदापाशी आणून पाहिले म्हणजे उलगडते, अशी माझी समजूत आहे.

पहिली परीक्षा परक्यांकडून नव्हे, आपल्याच माणसांकडून आली. १६८१ मध्ये त्यांस कानडा प्रांतातील मिशनचे प्रमुख करून पाठविण्यात आले. मंगळूर, बसरूर, कुंदापूर, गंगोळी येथील ख्रिस्ती लोक धर्मगुरूंवाचून पोरके झाले होते. पण तेथे अधिकाराचा तंटा पेटलेला होता. पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालील गोव्याच्या महाधर्मप्रांताचा अधिकार एकीकडे आणि रोमहून थेट नेमलेले महागुरू थॉमस दे कास्त्रो, तेही गोव्याचेच, दुसरीकडे. बहिष्काराच्या धमक्या चालू होत्या. कोणाचा संस्कार खरा व कोणाचा खोटा, ह्यावरून घराघरांत फूट पडली होती. वाझ ह्यांस दोन्हीकडून ओढ होती. त्यांनी महागुरूंची भेट घेतली, समेटाचा मार्ग शोधला, आणि निकाल रोमकडे सोपवून आपण देवळे बांधणे, शाळा घालणे, गुलामांस दाम देऊन सोडविणे ह्या कामास लागले. तंटा काही मिटला नाही. १६८४ मध्ये ते गोव्यास परतले, तेव्हा त्यांस कोणाही पक्षाची शाबासकी मिळालेली नव्हती. एकाच धर्मग्रामातल्या दोन तटांमध्ये सापडलेल्या धर्मगुरूची अवस्था काय होते हे जे जाणतात त्यांस अधिक सांगावयास नको.

जुन्या गोव्यात चमत्कारी क्रूसाच्या देवळाजवळ काही गोवेकर धर्मगुरू एकत्र राहू लागले होते. १६८५ मध्ये वाझ त्यांस जाऊन मिळाले व लौकरच त्यांचे वरिष्ठ झाले. संत फिलिप नेरी ह्यांच्या ओरातोरीच्या नियमाप्रमाणे चालणारा हा एतद्देशीय धर्मगुरूंचा संघ. दुसऱ्यांच्या बंद दारापुढे धरणे धरून न बसता त्यांनी आपले घर उभारले. पण वाझ त्या घरात फार दिवस राहिले नाहीत. लंकेची हाक त्यांच्या कानी केव्हाची आली होती.

लंकेची स्थिती अशी होती. डच लोकांनी १६५६ मध्ये कोलंबो व १६५८ मध्ये जाफना पोर्तुगिजांकडून घेतले. कॅथलिक धर्मगुरूंस बेटाबाहेर घालविले आणि त्यांस आसरा देणाऱ्यास कठोर शिक्षा ठेवली. मुले संस्कारावाचून वाढली, म्हातारी माणसे शेवटच्या अभ्यंगावाचून गेली. जवळजवळ ३० वर्षे एकही धर्मगुरू नाही! आपल्याकडे स्टेशनावर आणि सातपुड्याच्या पाड्यांवर महिनोन्‌महिने मिस्साची वाट पाहिलेली वडीलधारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांस ह्या आकड्याचा अर्थ थोडा तरी कळेल.

१६८६ मध्ये वाझ गोव्याहून निघाले. बरोबर जुवांव नावाचा विश्वासू सेवक होता. तुतिकोरिनहून बोटीने, हमालाच्या वेशात, हाल सोशीत ते १६८७ मध्ये लंकेच्या उत्तर किनाऱ्यास लागले व जाफन्यास पोहोचले. उतरताच रक्ताच्या अतिसाराने दोघेही अंथरुणास खिळले, आणि अंथरूण म्हणजे उघडी जमीन. साथीच्या भयाने लोकांनी त्यांस वस्तीबाहेर काढले. एका दयाळू बाईने कांजी आणून दिली म्हणून ते वाचले. जेथे आत्मे तारावयास आलो तेथील लोकांनीच मरणास टाकून द्यावे, ह्यापेक्षा कडू घोट कोणता? बरे वाटताच वाझ ह्यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि दारोदार भीक मागावयास आरंभ केला. भाकरीसाठी तर खरेच. परंतु जपमाळ पाहून कोणाच्या डोळ्यांत ओळख उमटते हे त्यांस शोधावयाचे होते. असे एक एक घर करीत त्यांनी लपलेला कळप हुडकून काढला. दिवसा भिकारी, रात्री धर्मगुरू. सिल्लालै गावच्या कॅथलिकांनी त्यांस आश्रय दिला.

जाफन्यातील मुक्कामाच्या अखेरीस एका नाताळच्या रात्री डच शिपायांनी मिस्सासाठी जमलेल्या लोकांवर झडप घातली. सुमारे ३०० माणसे धरली गेली. कित्येकांस दंड झाले, कैद झाली, फटके बसले. वाझ मात्र हाती लागले नाहीत.

वाचक हो, मला ह्या चरित्रात सर्वांत अवघड प्रसंग वाटतो तो हा. स्वतःच्या पाठीवर वळ उठले तर माणूस सोसतो. आपल्यामुळे दुसऱ्याच्या पाठीवर उठावेत आणि आपण धडधाकट राहावे, हे सोसणे फार कठीण. अशा वेळी राग शिपायांवर येतो, तसाच स्वतःवर येतो, आणि ज्याने सुटका केली त्या देवावरही येऊ शकतो. वाझ ह्यांच्या अंतःकरणात त्या रात्री काय झाले हे मला ठाऊक नाही आणि संत झाले म्हणून त्यांना काहीच वाटले नसेल असे मी मानीत नाही. त्यांनी काय केले एवढे सांगता येते. ते डचांच्या हद्दीतून निघून कँडीच्या राजाच्या मुलखात, पुत्तलमला गेले. पण जाफन्याकडची वाट त्यांनी कायमची सोडली नाही. वेश पालटून, रात्रीच्या आडोशाने ते डचांच्या मुलखात पुन्हा पुन्हा शिरत राहिले. देवावर भरवसा म्हणजे हात जोडून घरी बसणे असे ज्यांस वाटते त्यांनी हे लक्षात घ्यावे. डचांचा हुकूम त्यांनी एक दिवसही मानला नाही. मात्र त्या हुकमाविरुद्ध त्यांनी कोणास शस्त्र धरावयास लावले नाही व डचांचा सूड घ्यावयास कोणास चिथविले नाही.

१६९२ मध्ये ते राजधानी कँडीस निघाले. तेथे त्यांच्यापूर्वीच एक शब्द पोहोचला होता. दे लानरोल नावाचा एक फ्रेंच गृहस्थ, पंथाने प्रॉटेस्टंट, दरबारात वजन राखून होता. हा येणारा धर्मगुरू पोर्तुगिजांचा हेर आहे, असे त्याने राजा दुसरा विमलधर्मसूर्य ह्याच्या कानी घातले. राजधानीत पाऊल पडते न पडते तोच वाझ कैद झाले. जुवांव व आणखी एक कॅथलिक गृहस्थ त्यांच्याबरोबर.

हेर! ज्या पोर्तुगिजांनी त्यांच्या जातभाईंस मठांची दारे बंद ठेविली, त्यांचाच हेर म्हणून हा मनुष्य बंदीत पडला. आणि आरोप करणारा येशूचे नाव घेणारा! येथे आपल्यापैकी कोणीही काय केले असते? मी काय केले असते हे मला पुरते ठाऊक आहे, कारण मी तसे केलेले आहे. तरुणपणी एका ठिकाणी माझ्यावर देवळाच्या पैशाविषयी खोटा आळ आला. मी खुलासे लिहिले, खुलाशांवर खुलासे लिहिले, साक्षी गोळा केल्या, आळ घेणाऱ्याच्या जुन्या चुका उकरून काढल्या. मी निर्दोष ठरलो. परंतु ते दीड वर्ष मी पहाटेच्या प्रार्थनेसही त्याच माणसाशी मनात भांडत बसे, आणि त्या दीड वर्षात त्या गावातील किती आजाऱ्यांना भेटावयाचे राहून गेले ह्याचा हिशेब कोणी मागितला नाही म्हणूनच मी निभावलो.

वाझ ह्यांनी निर्दोषत्व सांगितले नाही असे नव्हे. असत्यास मान डोलावणे हे नम्रतेचे लक्षण नाही. पण एकदा सांगून झाल्यावर त्यांनी तो विषय धनिणीच्या हाती दिला, जिच्या नावे १६७७ मध्ये कागद करून दिला होता. आणि तुरुंगात रिकामा वेळ पुष्कळ होता म्हणून ते सिंहली भाषा शिकू लागले. मला हे फार थोर वाटते. ज्या राजाने कोंडले त्याच्याच लोकांची भाषा, त्याच्याच तुरुंगात बसून शिकणे! मनात धग असता व्याकरण पाठ होत नाही, हे ज्यांनी परीक्षेच्या दिवसांत घरी भांडण केले असेल त्यांस ठाऊक आहे. काही काळाने पहारेकऱ्यांस दिसून आले की हा कैदी पळून जात नाही. पहारा सैल झाला. वाझ ह्यांनी बंदिवासातच एक झोपडी उभारून तिचे देऊळ केले, आणि कँडीतील कॅथलिक तेथे येऊ लागले. पुढे त्या झोपडीच्या जागी पवित्र मरियेच्या नावाचे खरे देऊळ झाले.

१६९३ मध्ये मोठे अवर्षण पडले. अवर्षण म्हणजे काय हे खानदेशास समजावून सांगावयास नको. राजाच्या धर्माप्रमाणे विधी झाले, पाऊस आला नाही. परंपरा अशी सांगते की, राजाने शेवटी ह्या कैद्यास प्रार्थना करावयास सांगितले. वाझ ह्यांनी उघड्या चौकात वेदी मांडून तिच्यावर क्रूस ठेवला व गुडघे टेकले. आणि भरपूर पाऊस पडला, वेदी मात्र कोरडी राहिली. राजाने त्यांस आपल्या मुलखात धर्मप्रसार करण्याची मोकळीक दिली, एवढे निश्चित. आपल्यावर आळ घेणाऱ्याचे उट्टे काढण्यास ह्याहून चांगली संधी कोणती? राजा प्रसन्न, दरबार अनुकूल. त्यांनी ती घेतल्याची नोंद कोठेही नाही.

१६९६–९७ च्या सुमारास गोव्याहून ओरातोरीचे धर्मगुरू साहाय्यास आले, तोवर ते त्या बेटावर नऊ-दहा वर्षे एकटे धर्मगुरू होते. कोचीनच्या महागुरूंनी आपणांस लंकेतील आपले मुख्य प्रतिनिधी नेमले आहे हे त्यांस तेव्हा कळले. आलेल्यांत त्यांचेच आप्त जोसेफ दे कार्व्हाल्यो हे होते. थोड्याच दिवसांत कँडीत देवीची साथ पसरली. राजा शहर सोडून गेला, श्रीमंत गेले, आणि ज्यांस जाता आले नाही त्यांनी आपल्या आजाऱ्यांस रानात नेऊन टाकले. जाफन्याच्या वेशीबाहेर आपण दोघे पडलो होतो, हे वाझ ह्यांस त्या वेळी आठवले असेलच. त्यांनी व कार्व्हाल्यो ह्यांनी टाकलेली माणसे गोळा केली, त्यांच्यासाठी झोपड्या घातल्या, अन्न शिजविले, फोड धुतले, मेलेल्यांस पुरले. धर्म कोणता हे विचारले नाही. राजाने परत आल्यावर हे पाहिले व त्याचा उरलासुरला संशय फिटला. तरीही दरबारातील विरोधकांच्या सांगण्यावरून कार्व्हाल्यो ह्यांस पुढे हद्दपार व्हावे लागले. वाझ ह्यांनी तक्रारीचा गवगवा केला नाही. ते आपल्या फेऱ्या करीत राहिले, आणि १६९९ मध्ये कँडीत परतले ते कार्व्हाल्यो ह्यांस बरोबर घेऊनच. विरोधकांपुढे नमले नाहीत आणि त्यांच्यावर उलटलेही नाहीत.

उरलेल्या वर्षांचा वृत्तान्त थोडक्यात सांगतो. महागुरुपदाची गोष्ट निघाली ती त्यांनी नाकारली. अनवाणी पायांनी बेटभर हिंडत राहिले. १७०५ मध्ये फादर जाकोम गोन्साल्व्हिस आदी नवे धर्मगुरू आले. गोन्साल्व्हिस ह्यांनी सिंहली व तमिळ भाषांत मोलाचे ख्रिस्ती वाङ्‌मय निर्माण केले. बेटाचे आठ भाग पाडून एकेक भाग एकेका धर्मगुरूकडे देण्यात आला. १७०७ मध्ये विमलधर्मसूर्य वारला व त्याचा पुत्र नरेंद्रसिंह गादीवर आला. त्यानेही मिशनवर कृपाच ठेवली. वाझ ह्यांचे शरीर मात्र थकले होते. आजार वाढत गेले, आणि सहकारी धर्मगुरू भोवती असता १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांनी देह ठेवला. वयास ६० वर्षेही पूर्ण झाली नव्हती. गोव्याहून निघाल्यावर पुन्हा त्यांनी गोवा पाहिला नाही.

त्यांस धन्य म्हणून घोषित केले पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी, २१ जानेवारी १९९५ रोजी, कोलंबो येथे. आणि १४ जानेवारी २०१५ रोजी त्याच शहरी पोप फ्रान्सिस ह्यांनी त्यांस संतपद दिले. एके काळी जेथे डच चौकीदारांस चुकवून ते रात्री शिरत त्याच कोलंबोच्या समुद्रकाठी, दिवसाढवळ्या, लक्षावधी लोकांसमक्ष हा सोहळा झाला.

त्या वृद्ध गृहस्थास मी पुढे हेच चरित्र सांगितले. त्यांची केळीची बाग त्या वर्षी परत उभी राहिली नाही. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि एवढेच विचारले की, ज्याने चहाडी केली त्या फ्रेंच माणसाचे शेवटी काय झाले. मी म्हणालो, मला माहीत नाही. ते थोडे हसले. मग म्हणाले की संतांस तरी त्याची चौकशी करावयास सवड कोठे होती, आणि बांधावर जाऊन भावास हाक मारून आले. दोन वर्षे ती हाक बंद होती.

संत जोसेफ वाझ ह्यांस कँडीच्या देवळात पुरले. पुढे ते देऊळ राहिले नाही. सांकवाळास त्यांच्या नावाचे तीर्थस्थान आहे, १६ जानेवारीस त्यांचा सण होतो. परंतु त्यांची समाधी नेमकी कोठे आहे हे आज कोणास दाखविता येत नाही.